मागण्याची विद्या

सार्वजनिक संस्थांचा इतिहास लिहितांना संस्थापकांचा त्याग, विरोधकांनीं केलेला छळ आणि शेवटीं लाभलेलें यश यांचें वर्णन सविस्तर येतें. या तिहींच्या मधोमध एक चौथी गोष्ट असते. तिच्याकडे मात्र इतिहासकाराचें लक्ष सहसा जात नाहीं. ती गोष्ट म्हणजे कागद. कोणी चिटणीसानें रात्रीं दिव्यापाशीं बसून लिहिलेला अर्ज, त्यास जोडलेला अंदाजी खर्चाचा तक्ता, त्यावर आलेला होकार किंवा नकार, आणि पैसा मिळाल्यावर वर्षअखेर छापलेला हिशेब. शाळा असो, अनाथाश्रम असो कीं संशोधनमंदिर असो. जिला वतन नाहीं, जमीनजुमला नाहीं आणि नफ्याचा धंदाही नाहीं, अशी प्रत्येक संस्था या कागदांवरच उभी राहिलेली आहे. कागद साधला नाहीं तर चांगलें कार्यही उपाशी मरतें. म्हणून मागण्याची विद्या महाराष्ट्रांत कशी रुजली, ती कोणी शिकविली आणि तिची किंमत कोणी मोजली, हें पाहणें उद्बोधक ठरेल.

मागणें हें आपल्या समाजाला नवें नव्हतें. बटु माधुकरी मागे, गोसावी भिक्षा मागे, शास्त्री दक्षिणा मागे आणि शिलेदार वतन मागे. या मागण्याला प्रतिष्ठा होती. परंतु त्यांत हिशेब नव्हता. देणारा पुण्यासाठीं देई, घेणारा आशीर्वाद देऊन मोकळा होई, आणि दिलेल्या दाण्याचें पुढें काय झालें हें विचारण्याची चाल नव्हती. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास वांटली जाणारी दक्षिणा हा या पद्धतीचा कळस होय. १८१८ सालीं राज्य गेलें. नव्या सत्तेनें दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. तिचा ओघ तेवढा वळविला. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत जी संस्कृत पाठशाळा निघाली ती याच पैशावर चालली. तेव्हांपासून एक नवा प्रश्न उभा राहिला : हा पैसा कोणाचा, आणि तो कोणत्या कामासाठीं?

त्या प्रश्नाचें पहिलें लेखी उत्तर १८४९ सालीं पुण्याच्या कांहीं सुधारकांनीं दिलें. त्यांत गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी, यांचा पुढाकार होता. दक्षिणेच्या रकमेपैकीं कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा, असा त्यांचा अर्ज होता. शहरांत मोठी खळबळ माजली. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या ओंजळींत ही दक्षिणा पडत आली त्यांना आपल्या तोंडचा घांस काढला जातो असें वाटलें. तरी अर्ज फुकट गेला नाहीं. पुढें १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली आणि मराठी गद्याच्या कितीएक आरंभींच्या पुस्तकांना तिचा आधार मिळाला. या अर्जांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. अर्जदारांनीं नव्या पैशाची याचना केली नाहीं. जो निधि होता त्याचा मूळ हेतु विद्येला उत्तेजन देण्याचा आहे, हें धरून तोच हेतु मराठी ग्रंथांनीं अधिक सिद्धीस जाईल, असें त्यांनीं दाखविलें. देणाराचा उद्देश आणि आपलें काम यांची गांठ घालून दाखविणें, हा अर्जविद्येचा पहिला पाठ होय. आणि तो पुण्यानें असा भांडणांतून शिकला.

याच निधीचा दुसरा उपयोग त्याहून धाडसाचा होता. १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना रस्त्यानें जातां येतां शेणगोळे सोसावे लागले, ही कथा घरोघरीं माहीत आहे. त्या शाळा चालल्या कशा, हें मात्र फारसें कोणास माहीत नसतें. मुलींच्या शाळांसाठीं एक मंडळी नेमलेली होती, तिचे वृत्तान्त प्रसिद्ध होत, आणि मुलींच्या परीक्षा बंद दाराआड न घेतां लोकांसमक्ष घेतल्या जात. ज्यांना मुली वाचूं शकतील हेंच पटत नव्हतें, त्यांनीं येऊन डोळ्यांनीं पाहावें, असा त्यांत हेतु होता. या शाळांना दक्षिणा निधींतून दरमहा ७५ रुपये मिळूं लागले. एके काळीं केवळ वैदिकांच्या ओंजळींत पडणारा पैसा माळ्यानें चालविलेल्या मुलींच्या शाळेला मिळावा, ही लहान क्रांति नव्हे. ती घडण्यास जें धैर्य लागलें तें जोतीरावांचें. परंतु ती टिकली ती त्या उघड्या परीक्षांमुळें. अर्जांतील विधान आणि त्याचा पुरावा हे दोन्ही एकाच जागीं असावेत, हा दुसरा पाठ.

तिसरा पाठ कडू होता. या शाळांचे बरेच खाजगी आश्रयदाते युरोपियन होते. १८५७ च्या उठावानंतर त्यांचा हात आखडला आणि शाळांची ओढाताण सुरू झाली. शाळांत कांहीं दोष निर्माण झाला म्हणून नव्हे, तर दूरच्या लढाईनें देणाराचें मन पालटलें म्हणून. ज्या संस्थेचें पाणी एकाच विहिरीचें असतें, तिला त्या विहिरीच्या तळाकडे नेहमीं डोळा ठेवावा लागतो.

दरम्यान १८५४ सालीं सर चार्लस वुड यांचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून आला. खाजगी शाळांना सरकारी तिजोरींतून साहाय्य देण्याची पद्धत, जिला आज आपण अनुदान म्हणतों, ती त्या खलित्यानें या देशांत सुरू झाली. साहाय्यासाठीं घातलेल्या अटी थोडक्यांत अशा होत्या : शाळेंत लौकिक शिक्षण चांगलें मिळालें पाहिजे, तिची व्यवस्था पाहणारे जबाबदार स्थानिक लोक असले पाहिजेत, सरकारी निरीक्षकास तपासणीची मुभा असली पाहिजे, आणि विद्यार्थ्यांकडून, अल्प कां होईना, फी घेतली गेली पाहिजे. या अटींकडे आज पाहिलें तर आश्चर्य वाटतें. पावणेदोनशे वर्षांत साहाय्य देणारे किती बदलले, पण कोणत्याही अनुदानाचा छापील नमुना उघडावा, त्याचा सांगाडा हाच. काम काय, जबाबदार कोण, तपासणीस दार उघडें आहे कीं नाहीं, आणि तुमच्या गांवाचा, तुमचा स्वतःचा वांटा किती? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शेजारी ज्या कामाला दमडी देत नाहीं त्याला परक्यानें रुपया कां द्यावा, हा देणाराच्या मनांतील न बोललेला विचार असतो.

या पद्धतीला एक फांटा फुटला तोही सांगितला पाहिजे. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यांनीं निकालावर पैसा देण्याची पद्धत आणली. मुंबई इलाख्यांतही तिचें अनुकरण झालें. निरीक्षक येई, एकेका मुलाचें वाचन, लेखन आणि गणित पाही, आणि उत्तीर्ण झालेल्या डोक्यांगणिक साहाय्य ठरे. वरवर पाहतां यापेक्षां न्याय्य कांहीं नाहीं. परिणाम असा झाला कीं शिक्षक मुलांस शिकविण्याऐवजीं निरीक्षकासाठीं पढवूं लागले. इंग्लंडांत स्वतः शाळानिरीक्षक असलेले कवि मॅथ्यू आर्नल्ड यांनीं या यांत्रिकपणावर कठोर टीका केली होती. जें मोजलें जातें तेंच केलें जातें, आणि जें मोजतां येत नाहीं तें हळूहळू टाकून दिलें जातें, हा धोका तेव्हां प्रथम दिसला. आजही एखादी संस्था अर्जांत भराभर आंकडे लिहिते आणि पुढें तीन वर्षें त्या आंकड्यांचीच चाकरी करीत बसते, तेव्हां ती तोच जुना खड्डा पुन्हा खणीत असते.

१८८२ सालीं हंटर कमिशन आलें. १९ ऑक्टोबर १८८२ ही मिति घातलेलें जोतीरावांचें निवेदन त्या कमिशनपुढें आहे. अनुदानाच्या इतिहासांत त्याची जागा निराळी आहे. सामान्य अर्जदार हात पुढें करतो आणि देणाराच्या औदार्याची स्तुति करतो. जोतीरावांनीं औदार्याचा प्रश्नच काढून टाकला. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामांतून येतो. तो खर्च होतो तो मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. तेव्हां खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मागणें ही याचना नसून तो हिशेबाचा तगादा आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. अर्जाच्या शेवटीं ‘आपला आज्ञाधारक’ लिहिणारा मनुष्य मान वर ठेवूनही लिहूं शकतो, हें त्या कागदानें दाखविलें.

अर्ज लिहिण्याचें खरें गुरुकुल मात्र पुण्याच्या सार्वजनिक सभेंत निघालें. ही सभा १८७० सालीं स्थापन झाली. तिच्या सभासदास लोकांकडून सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. आपण कोणाच्या वतीनें बोलतों हें प्रथम सिद्ध करावयाचें आणि मग बोलावयाचें, अशी तिची रीत होती. न्यायमूर्ति रानडे पुण्यास आल्यावर सभेच्या अर्जांना निराळेंच वजन आलें. दुष्काळ, सारा, मीठ, जंगल, यांपैकीं कोणताही विषय असो, तालुक्यातालुक्यांतून माहिती मागवावयाची, सरकारी अहवालांतलेच आंकडे काढावयाचे, आणि ते सरकारसमोर परत मांडावयाचे. गोपाळ कृष्ण गोखले तरुणपणीं या कामांत रानड्यांच्या हाताखालीं राबले. पुढें गोखले यांनीं एक प्रसंग सांगितला आहे. मोठ्या कष्टानें तयार केलेल्या एका अर्जाला सरकारकडून दोन ओळींची पोंच आली तेव्हां त्यांचें मन खट्टू झालें. इतका खटाटोप कशासाठीं, असें त्यांनीं विचारलें. त्यावर रानड्यांचें म्हणणें असें पडलें कीं हे अर्ज नांवापुरतेच सरकारला उद्देशून असतात. वस्तुतः ते आपल्याच लोकांना उद्देशून असतात, अशा प्रश्नांवर विचार कसा करावा हें लोकांनीं शिकावें म्हणून.

रानड्यांच्या या उत्तरांत मागण्याच्या विद्येचें सर्व सार आलें आहे. नाकारलेला अर्जही वायां जात नाहीं, जर तो लिहितांना लिहिणाराला स्वतःचें काम अधिक स्पष्ट दिसलें असेल तर. पुष्कळ संस्था अशा असतात कीं आपण नक्की काय करतों, कोणासाठीं करतों आणि किती खर्चांत करतों, हें त्यांना पहिला अर्ज लिहीपर्यंत ठाऊकच नसतें.

विसाव्या शतकांत ही विद्या एका माणसानें आपलें सर्व आयुष्य वेंचून आचरिली. तो मनुष्य म्हणजे धोंडो केशव कर्वे. त्यांना ना वक्तृत्व होतें, ना श्रीमंतीचें वलय. तरुणपणीं मुंबईस असतांना त्यांनीं आपल्या मुरूडकर मंडळींत गांवासाठीं एक फंड उभा केला होता. प्रत्येकानें आपल्या उत्पन्नाचा ठराविक लहानसा अंश द्यावा, एवढीच त्याची कल्पना. १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम निघाला तेव्हां त्यांनीं स्वतःच्या शिलकेंतील एक हजार रुपये प्रथम त्यांत घातले. १९०० सालीं आश्रम हिंगण्यास गेला. तेथें रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या सहा एकर माळावर एक झोंपडी उभी राहिली. कर्वे दिवसा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत आणि सायंकाळीं ती वाट पायीं तुडवीत. सुटी लागली कीं वर्गणीसाठीं गांवोगांव फिरत. लोक कंटाळत, टाळत, क्वचित् अपमानही करीत; कर्वे पुढच्या वर्षीं पुन्हा त्याच दारीं जात. परंतु जातांना हातांत मागील वर्षाचा छापील अहवाल असे. पै न् पैचा हिशेब हीच त्यांची शिफारस होती. ज्यानें चार आणे दिले त्यालाही आपले चार आणे कोठें गेले हें कळावें, अशी ती व्यवस्था होती. आणि म्हणूनच दुसऱ्या वर्षीं चार आण्यांचा रुपया होई.

या यशाची एक किंमत कर्वे यांना द्यावी लागली, आणि ती पैशांत मोजतां येत नाहीं. १८९३ सालीं त्यांनीं स्वतः विधवेशीं विवाह केला होता आणि विधवाविवाहाच्या प्रसारासाठीं मंडळी काढली होती. आश्रमाचें काम निराळें होतें. विधवांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभें करणें एवढाच त्याचा उद्देश. पुनर्विवाह न रुचणारे कितीतरी लोक विधवांच्या शिक्षणाला मात्र पैसे देण्यास तयार होते. पण एकाच माणसाच्या हातीं दोन्ही कामें असतांना त्यांचा विश्वास बसेना. शेवटीं कर्वे यांनीं विवाहमंडळीच्या कामांतून अंग काढून घेतलें. कांहीं सुधारकांना हा पळपुटेपणा वाटला. एका बाजूला स्वतःच्या जीवनाचें तत्त्व, दुसऱ्या बाजूला माळावरच्या झोंपडींत शिकणाऱ्या मुली. देणाराचें मन राखण्यासाठीं किती बोलावें आणि किती गिळावें? हा प्रश्न प्रत्येक संस्थाचालकासमोर कधींना कधीं येतो. कर्वे यांनीं आपलें मत लपविलें नाहीं. ज्यांना तें ठाऊक होतें त्यांच्यासमोर त्यांची पत्नी आनंदीबाई होतीच. त्यांनीं दोन कामांचीं दोन खातीं वेगळीं केलीं. खोटें न बोलतां मार्ग काढण्याची ती त्यांची रीत होती. परंतु ती सुखाची खासच नव्हती.

महिला विद्यापीठाची कथा याच धाग्याची आहे. जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनीं कर्व्यांकडे धाडली होती. १९१५ सालच्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें तेव्हां त्यांनीं त्या कल्पनेचा भाषणांत पुरस्कार केला, आणि १९१६ सालीं विद्यापीठ सुरू झालें. कॉलेजांत त्या वेळीं मुली अवघ्या पांच. सरकारी मान्यता नाहीं, इमारत नाहीं, पदवीला बाजारांत भाव नाहीं. पुढें सर विठ्ठलदास ठाकरसी परदेशच्या प्रवासास गेले असतां त्यांनीं जपानांतील तें विद्यापीठ स्वतः पाहिलें. १९२० सालीं त्यांनीं मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. तिचें व्याज सालीना ५२,५०० रुपये. एका पुस्तिकेपासून पंधरा लाखांपर्यंत पोंचलेली ही वाट दैवयोगाची दिसते. पण नीट पाहिलें तर तसें नाहीं. देणाराला जें पुढें परदेशीं दिसलें त्याचें नांव, रूप आणि खर्च मागणारानें आधींच मायदेशीं लिहून ठेवलें होतें. डोळ्यांसमोर चित्र असल्यावांचून मोठी थैली सुटत नाहीं.

एवढी देणगी मिळाल्यावर दुसरा कोणी विसावला असता. कर्वे १९२९ सालीं, एकाहत्तराव्या वर्षीं, जगाच्या प्रवासास निघाले. परत येतात न येतात तों आफ्रिकेंत वसलेल्या हिंदी लोकांकडे गेले. १९३६ सालीं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठीं त्यांनीं नवें मंडळ काढलें आणि पुन्हा पहिल्यापासून लहान लहान वर्गण्यांना आरंभ केला. पहिली वर्गणी आपल्या तुटपुंज्या पेन्शनींतून.

लोकांची शाळा आणि विधवांचा आश्रम यांसाठीं मागणें एका अर्थानें सोपें. दुःख दिसतें, मन द्रवतें. परंतु ज्याचें फळ मागणाराच्या हयातींत दिसावयाचें नाहीं अशा कामासाठीं पैसा कसा मागावा? याचें उत्तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें दिलें. ही संस्था ६ जुलै १९१७ रोजीं स्थापन झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढावी, या कामीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं एक लाख रुपयांचें वचन दिलें, आणि १९१९ सालीं वृद्ध रामकृष्णपंत भांडारकर यांच्या हस्तें कामाचा आरंभ झाला. देशांतील निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखितें मिळवावयाचीं, श्लोकाश्लोकाचे पाठभेद टिपावयाचे, आणि त्यांतून अधिकांत अधिक जुना पाठ सिद्ध करावयाचा, असें हें अजस्र काम होतें.

मंदिरानें एक शहाणपण केलें. १९२३ सालीं नारायण बापूजी उटगीकर यांनीं संपादिलेलें विराटपर्व तात्पुरत्या स्वरूपांत छापून तें देशोदेशींच्या पंडितांकडे टीकेसाठीं पाठविलें. त्यांत दोष निघाले, निघणारच होते. पण ‘असें असें करूं’ म्हणून सांगण्याऐवजीं ‘हें एवढें केलें आहे, चुका दाखवा’ असें म्हणणारी संस्था विश्वासास पात्र ठरली. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. त्यांनीं पद्धत पक्की केली आणि १९२७ पासून आदिपर्वाचे खंड जसे तयार होतील तसे बाहेर पडूं लागले; तें पर्व १९३३ सालीं पुरें झालें. प्रत्येक खंड हा आश्रयदात्यांना दिलेला एकेक अहवालच होता. काम लांबलें, खर्च वाढला, पण थांबलेलें कधीं दिसलें नाहीं.

येथें देणाराच्या स्वभावाची एक जुनी गोष्ट दृष्टीस पडते. इमारतीला पैसा लवकर मिळतो. टाटांच्या देणगीनें मंदिराची वास्तु उभी राहिली, हैदराबादच्या निजामांच्या देणगीनें अतिथिगृह झालें. दगडावर नांव कोरतां येतें. परंतु मंद उजेडांत बसून शारदा लिपीचा पाठ देवनागरी लिपीच्या पाठाशीं ताडून पाहणाऱ्या शास्त्र्याच्या महिन्याच्या पगारावर कोणाचें नांव कोरावें? आणि काम तर तोच करतो. या पगारासाठीं मंदिराला संस्थानें, प्रांतिक सरकारें, विद्यापीठें यांच्या दारीं वर्षानुवर्षें लिहीत राहावें लागलें. सुखटणकर २१ जानेवारी १९४३ रोजीं वारले. आवृत्ति अपुरीच होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मागाहून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं ती पुढें नेली. १९४८ पर्यंत तर वचन देणारीं संस्थानेंच विलीन होऊं लागलीं. तरीही १९६६ च्या सप्टेंबरांत राष्ट्रपति राधाकृष्णन् यांच्या उपस्थितींत पुण्यास या महाकार्याची सांगता झाली. सुमारें साडेबाराशें हस्तलिखितें आणि सत्तेचाळीस वर्षें. पहिला अर्ज लिहिणारांपैकीं बहुतेक तोंपर्यंत हयात नव्हते. अर्जाचें वचन मात्र पाळलें गेलें.

राजेरजवाड्यांच्या आणि सरकारच्या दारावांचूनही एक दार आहे, हें महाराष्ट्रानें दोनदां सिद्ध केलें. अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येकानें वर्षाला एक पैसा द्यावा म्हणून पैसा फंड काढला. त्यांतून तळेगांवास १९०८ सालीं कांचेचा कारखाना निघाला. दुसरा प्रयोग भाऊराव पाटील यांचा. १९१९ सालीं स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेनें मुष्टिफंड काढला : घरच्या बाईनें दळण कांडण करतांना मूठभर धान्य संस्थेच्या मुलांसाठीं बाजूला टाकावें. त्या मुठी गोळा करण्यास वसतिगृहांतील मुलेंच घरोघरीं जात. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तर त्या मुलांच्या पोटासाठीं आपले दागिने विकले होते. १९४८ सालीं मुंबई सरकारनें संस्थेचें अनुदान थांबविलें तेव्हां या मुठींचा अर्थ कळला. ज्या संस्थेला हजारों चुली ओळखतात ती एका सहीनें बंद पडत नाहीं. लोक तिच्यामागें उभे राहिले आणि अनुदान पुढें पुन्हा सुरू झालें. सरकारी पैसा घेऊं नये असा याचा अर्थ नव्हे. तो घेतांना मूठ सोडूं नये, एवढाच.

आज देणाऱ्यांचीं नांवें बदललीं आहेत. संस्थानें इतिहासजमा झालीं. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें ठराविक आकाराच्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यासाठीं संस्था संगणकावर अर्ज भरतात. परदेशांतून येणाऱ्या पैशावर कायद्याचें नियंत्रण आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनें अशा रकमेंतून व्यवस्थापनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणली. शास्त्र्याच्या पगाराचा जुना प्रश्न नव्या वेषांत तेथें पुन्हा उभा आहे. अर्ज लिहून देणारे धंदेवाईक लेखकही आतां मिळतात. त्यांच्या हातचा कागद देखणा असतो, शब्द भारदस्त असतात. पण निरीक्षक दारांत आल्यावर त्याला जें दाखवावयाचें तें लेखक आणून देऊं शकत नाहीं.

दीडशें वर्षांचा हा व्यवहार उलगडून पाहिला म्हणजे मागण्याच्या विद्येचे नियम थोडेच उरतात. देणाराचा हेतु ओळखावा आणि आपल्या कामांत तो खरोखर कोठें बसतो तेवढेंच सांगावें. आपला वांटा आधीं टाकावा. मागण्यापूर्वीं थोडें करून दाखवावें आणि तें तपासण्यास दार उघडें ठेवावें. मोजतां येईल तें मोजावें, पण मापाला काम समजूं नये. हिशेब न मागतां द्यावा. एका विहिरीवर राहूं नये. आणि जी अट पाळल्यानें संस्था टिकेल पण तिचें प्रयोजन मरेल, ती अट नम्रपणें परत करावी.

हे नियम कोणी ग्रंथांत लिहून ठेवले नव्हते. ते शेणगोळे झेलणाऱ्या शिक्षिकेनें, दोन ओळींची पोंच हातीं पडलेल्या तरुणानें, माळावरची वाट तुडविणाऱ्या प्राध्यापकानें आणि मूठभर जोंधळे बाजूला काढणाऱ्या अनामिक बायांनीं घडविले. त्यांच्या अर्जांचे कागद आतां पिवळे पडले आहेत, कित्येक तर वाळवीनें खाल्ले. त्यांतून ज्या शाळा उभ्या राहिल्या त्यांच्या घंटा मात्र अजून रोज सकाळीं वाजतात.